जिओसर्व्हरवर लेयर बंद केला, तरी तो लोकांना दिसतोच: काय काय तपासावं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "लेयरला परवानगी लावली होती, आम्ही स्वतः बघितलं होतं, दिसत नव्हता. आता परत दिसायला लागलाय." नियम उघडून बघावा तर तो जिथल्या तिथे असतो. मग कुणीतरी तो काढून पुन्हा लावतं, सर्व्हर रीस्टार्ट होतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

पुढचं सगळं या मांडणीसाठी आहे: मागे पोस्टजीआयएस (ठिकाणांच्या नोंदी साठवणारा डेटाबेस), मधे जिओसर्व्हर (त्या नोंदी नकाशाचे थर, म्हणजे लेयर, म्हणून वाटणारा सर्व्हर), त्याच्यापुढे एनजिनएक्स (प्रॉक्सी, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट आत पाठवणारा मधला सर्व्हर) आणि लोकांसमोर लीफलेट किंवा ओपनलेयर्सवर उभा केलेला नकाशा. वन्यजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या गटांना मी मदत करतो, त्यांच्याकडे बहुधा हेच असतं, कारण यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. उदाहरण म्हणून कोकणातल्या खवले मांजरांच्या बिळांच्या नोंदी धरू. हे जनावर घाबरलं की अंगाचा गोळा करून जागच्या जागी बसतं. बिबट्यासमोर ही युक्ती चालते, पण पोतं घेऊन आलेल्या माणसापुढे त्याचा काही इलाज नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे आणि २०१६ सालच्या सायटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत खवले मांजराच्या आठही जाती परिशिष्ट एकमध्ये गेल्या, तरी खवल्यांची चोरटी वाहतूक थांबलेली नाही. जीपीएसने पाच मीटरपर्यंत अचूक घेतलेला बिळाचा बिंदू चुकीच्या माणसाच्या हाती लागला, तर त्याला जंगलात शोधाशोध करायचीही गरज उरत नाही. दक्षिण चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात ठिकाणासकट नोंदली गेली आणि त्याच ठिकाणाहून संग्राहकांनी ती संपवली. म्हणून या तक्रारीकडे "नकाशातली बारीकशी अडचण" म्हणून बघू नका.

आधी तपासण्याची पद्धत बदला

ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही अॅडमिन म्हणून आत आहात, त्याच ब्राउझरमध्ये केलेली तपासणी धरू नका. दुसऱ्या टॅबमधल्या नकाशाच्या रिक्वेस्टलाही तीच सेशन कुकी चिकटून जाते आणि सर्व्हर तुम्हाला अॅडमिन समजूनच उत्तर देतो. बेसिक पद्धतीने लॉगिन केलं असेल, तर ब्राउझर बंद होईपर्यंत ते नाव-पासवर्ड मनात ठेवतो. उलट्या बाजूनेही फसगत होते. नकाशाच्या पानावरून लेयरचं बटण काढलेलं असतं, पडद्यावर काही दिसत नाही, आणि "बंद झाला" असं समजून सगळे उठतात. बटण काढल्याने सर्व्हरला काहीच कळत नाही. लेयरचं नाव माहीत असलेला कुणीही थेट मागू शकतो, आणि ते नाव पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये अजून पडलेलं असू शकतं.

तेव्हा खासगी विंडो घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे कमांड लाइनवरून कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने, लॉगिनशिवाय, ऑफिसबाहेरच्या जोडणीवरून मागून बघा. डब्ल्यूएमएस (नकाशाचं चित्र देणारी सेवा), डब्ल्यूएफएस (मूळ नोंदी देणारी) आणि डब्ल्यूएमटीएस (चित्राचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, देणारी) या तिन्हींची गेट-कॅपॅबिलिटीज यादी, म्हणजे सेवेत काय काय आहे ते, वेगवेगळी मागवा. मग त्या लेयरचं चित्र मागा, बिंदूवर क्लिक केल्यावर जाणारी गेट-फीचर-इन्फो मागा, डब्ल्यूएफएसवरून जेसन आणि शेपफाइलची झिप मागा, आणि जिओवेबकॅशेच्या (जिओसर्व्हरमधला टाइल साठवणारा भाग) पत्त्यावरून एक टाइल मागा. यातल्या एकाने जरी माहिती दिली, तरी लेयर उघडाच आहे.

इथे एक खाचखळगा आहे. डब्ल्यूएमएस नकार देतानाही बरेचदा एचटीटीपीचा कोड २०० देतो आणि नकाराचा मजकूर आतल्या एक्सएमएलमध्ये असतो. म्हणून "कोड २०० आला म्हणजे उघडा, नाही आला म्हणजे बंद" असं ठरवणारी तपासणी खोटं सांगते. उत्तरात खरोखर काय आलंय ते उघडून वाचा.

ज्याला लेयर दिसला त्याच्याकडून स्क्रीनशॉट घेत बसू नका, रिक्वेस्टची पूर्ण लिंक मागा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून ती कॉपी करायला त्याला फोनवरून सांगता येतं. अर्धं निदान त्या एका ओळीत असतं: पत्त्यात जीडब्ल्यूसी (जिओवेबकॅशेचं लघुरूप) असेल तर टाइलचा कॅशे, म्हणजे साठा, डब्ल्यूएफएस असेल तर सेवा मोकळी, पत्ता अगदी नेहमीचा असेल तर नियम किंवा प्रॉक्सी.

नियम खरंच लागू आहे का

वेब पानावर दिसणारी नियमांची यादी शेवटी डेटा डिरेक्टरीतल्या सिक्युरिटी फोल्डरमधल्या लेयर्स-डॉट-प्रॉपर्टीज या फाइलीत बसते. ती फाइलच उघडा. वर्कस्पेस (लेयरचा गट), लेयर आणि अधिकार अशी प्रत्येक ओळीची रचना असते आणि पुढे रोल, म्हणजे तो अधिकार कोणत्या युजरना आहे ते. नव्या जिओसर्व्हरमध्ये वाचण्याचा मूळ नियम *.*.आर=* असा असतो. म्हणजे वेगळं काही सांगितलं नसेल, तर प्रत्येक लेयर प्रत्येकाला मोकळा. जास्त नेमका नियम ढोबळ नियमाला मागे सारतो, पण तो त्याच नावाच्या लेयरपुरता.

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. बिळांच्या टेबलावर नियम लागलेला असतो. मग पावसाळ्यानंतर नव्या नोंदी येतात, कुणीतरी तेच टेबल "बिळं_नवीन" म्हणून पुन्हा पब्लिश करतं, आणि हा नवा लेयर जन्मतःच सगळ्यांना दिसू लागतो. जुना नियम चोख आहे, फक्त तो जुन्या लेयरवर आहे. एकेका लेयरला कुलूप लावत बसण्यापेक्षा संवेदनशील नोंदींचं वर्कस्पेसच वेगळं करा आणि नियम अख्ख्या वर्कस्पेसवर लावा. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे मूळ नियमच उलटा करणं: लॉगिन केलेल्यांखेरीज कुणालाही काही नाही, आणि जे लोकांसाठी आहे तेवढंच नाव घेऊन मोकळं करायचं. सुरुवातीला एक दिवस तक्रारी येतील. येऊ द्या.

सर्व्हर हलवतानाही हेच होतं. नव्या मशीनवर किंवा नव्या डॉकर कंटेनरमध्ये फक्त वर्कस्पेसेस आणि स्टाइल्स हे फोल्डर उचलून नेले जातात. लेयर सगळे येतात, नकाशा चालतो, सगळे खूष. सिक्युरिटी फोल्डर मागे राहिलेला असतो, म्हणून नियम मूळ पदावर, आणि अॅडमिनचा पासवर्डही मूळचा, जगजाहीर. "अपग्रेड केल्यापासून दिसतोय" असं कुणी म्हटलं, की मी पहिल्यांदा हा फोल्डर बघतो. डेटा डिरेक्टरी अख्खी, कंटेनरच्या बाहेर, एकाच जागी ठेवा.

आणखी एक गोष्ट नियमाला आतून पोखरते. जिओसर्व्हरमध्ये नकार देण्याच्या तीन पद्धती आहेत. हाइडमध्ये अधिकार नसलेल्याला लेयर अस्तित्वातच नसल्यासारखा वागवला जातो, चॅलेंजमध्ये यादीत नाव दिसतं आणि मागितल्यावर लॉगिन विचारलं जातं, मिक्स्डमध्ये यादीत नाव नसतं पण थेट मागितल्यावर लॉगिन विचारलं जातं. मूळ पद्धत हाइड. आता ज्याला अधिकार आहे असा वनरक्षक किंवा अभ्यासक क्यूजीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे उघडायचा प्रोग्राम) लॉगिन न भरता जोडणी करतो, आणि त्यालाही लेयर सापडत नाही. लॉगिन विचारलंच जात नाही, त्यामुळे त्याला कारणही कळत नाही. तो फोन करतो, इकडचा माणूस गोंधळतो, "तात्पुरता" नियम सैल करतो, आणि तो तसाच राहतो. नियम सैल करू नका. क्यूजीआयएसच्या जोडणीत ऑथेंटिकेशन कॉन्फिगरेशन भरायला शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे. चॅलेंज मात्र अशा माहितीसाठी मी वापरत नाही, कारण लेयरच्या नावातच प्राण्याचं आणि तालुक्याचं नाव असतं आणि ते यादीत उघडं पडतं.

"चित्र दिसू दे, पण डाउनलोड नको" ही मागणी नेहमी येते. जिओसर्व्हरच्या अंगच्या नियमांत सेवेचा नियम आणि लेयरचा नियम एकत्र बांधता येत नाही. डब्ल्यूएफएस सगळ्यांसाठी बंद करता येतं, लेयर सगळ्या सेवांसाठी बंद करता येतो, पण "हा लेयर फक्त डब्ल्यूएमएसवर" असं म्हणता येत नाही. त्यासाठी जिओफेन्स हे वेगळं एक्स्टेन्शन बसवावं लागतं. त्यात सेवा, रिक्वेस्ट, लेयर, रोल, आयपी पत्ता असं सगळं एका नियमात येतं, कॉलम झाकता येतात आणि ठरावीक हद्दीपुरतीच माहिती देता येते. नियम मात्र क्रमाने बघितले जातात, तेव्हा वर बसलेला एखादा मोकळा नियम खालच्या सगळ्यांवर पाणी फिरवतो. आणि मुळात बिंदूंच्या बाबतीत चित्र देणं म्हणजे माहिती देणंच आहे. झूम करून बिंदूवर माउस नेला की अक्षांश-रेखांश कळतात. स्टाइलमध्ये "अमुक स्केलच्या खाली काढू नको" असं लिहिणं हीसुद्धा फक्त चित्र काढण्याची सूचना आहे, डब्ल्यूएफएसला तिच्याशी देणंघेणं नसतं.

टाइलचा कॅशे

नियम बरोबर, लेयर बरोबर, तरी चित्र येतंय, तर इथे बघा. जिओसर्व्हरच्या पोटात जिओवेबकॅशे असतो. तो एकदा काढलेल्या टाइल डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा न काढता तीच फाइल देतो. कॅशिंग डिफॉल्ट्सच्या पानावर "एनेबल डेटा सिक्युरिटी" असा एक चौकोन आहे आणि तो मूळचा रिकामा असतो. तो रिकामा असेपर्यंत कॅशे टाइल देताना लेयरचे नियम विचारतच नाही. समजा लेयर मोकळा असताना टाइल तयार झाल्या, किंवा अधिकार असलेल्या माणसाने नकाशा फिरवताना तयार झाल्या. त्या आता जीडब्ल्यूसीच्या पत्त्यावर कुणालाही मिळतात.

ओळखायची खूण सोपी आहे. उत्तराच्या हेडरमध्ये जिओवेबकॅशे-कॅशे-रिझल्ट अशी ओळ असते. तिथे "हिट" लिहिलं असेल, तर चित्र डिस्कवरून आलंय. "मिस" असेल, तर आत्ता काढलंय.

चौकोन भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. संवेदनशील लेयरच्या टाइल कॅशिंगच्या टॅबमध्ये जाऊन कॅशिंगच बंद करा आणि आधी साठलेल्या टाइल ट्रंकेट करा, म्हणजे पुसून टाका. काही हजार बिंदूंच्या लेयरला कॅशेची गरजही नसते, सर्व्हर ते सहज काढतो. डेटाबेसमध्ये माणसागणिक वेगळ्या ओळी दाखवायची सोय केली असेल, तर कॅशे बंद ठेवणं अटळ आहे. रत्नागिरीच्या ओळी बघायचा अधिकार असलेल्याने काढलेली टाइल सिंधुदुर्गवाल्यालाही तशीच मिळते, कारण टाइलला माणूस कळत नाही.

लेयर एखाद्या लेयर ग्रुपमध्ये बसलेला असेल, तर ग्रुपच्या नावाने मागूनही एकदा बघा. ग्रुपच्या टाइल वेगळ्या साठतात, त्याही रिकाम्या करा.

"कधी दिसतो, कधी नाही"

अशी तक्रार आली की मी थेट एनजिनएक्सकडे जातो. प्रॉक्सीचा कॅशे चालू असेल, तर तो उत्तर कशाच्या नावाने साठवायचं हे मुळात रिक्वेस्टच्या पत्त्यावरून ठरवतो. मागणारा कोण, हे त्या नावात नसतं. सकाळी अधिकाऱ्याने लॉगिन करून नकाशा बघितला, उत्तर साठलं, आणि दहा मिनिटांनी तोच पत्ता मागणाऱ्या अनोळखी माणसाला ते जसंच्या तसं मिळालं. मुदत संपली की पुन्हा सगळं ठीक. म्हणून ही गळती तुम्ही तपासायला बसता तेव्हा हमखास सापडत नाही. प्रॉक्सी-नो-कॅशे आणि प्रॉक्सी-कॅशे-बायपास या दोन ओळींनी ऑथरायझेशन हेडर किंवा सेशन कुकी असलेल्या रिक्वेस्ट कॅशेच्या बाहेर ठेवा, आणि संवेदनशील वर्कस्पेसच्या पत्त्यासाठी कॅशे पूर्णच बंद करा.

त्याच कॉन्फिगरेशनमध्ये आणखी एक ओळ शोधा. नकाशावर लॉगिनची कटकट नको म्हणून कुणीतरी प्रॉक्सीमध्येच एक ठरावीक नाव-पासवर्ड हेडर म्हणून टाकून ठेवलेलं असतं. मग जगातला प्रत्येक माणूस जिओसर्व्हरला तो एकच युजर वाटतो, आणि तो युजर अॅडमिन असेल तर नियमांना अर्थच उरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला पासवर्डही याच जातीचा.

डेटाबेस

जिओसर्व्हर कितीही बंद केला, तरी पोस्टजीआयएसकडे सरळ जाणारे रस्ते असतात. क्यूजीआयएसच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा सेव्ह झालेला असतो आणि ती फाइल व्हॉट्सअॅपवर फिरत असते. बघणाऱ्यांसाठी वेगळा, फक्त वाचण्याचा रोल करा, आणि नेमक्या बिंदूंचं टेबल त्याच्या हद्दीबाहेरच्या स्कीमात (डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा.

पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून ओळीगणिक अधिकार देण्याची सोय आहे, पण ती लावूनही चालत नाही असं वाटण्याची तीन कारणं असतात. पहिलं, टेबलाच्या मालकाला ते नियम लागू होत नाहीत, त्यासाठी "फोर्स" वेगळं सांगावं लागतं, आणि जिओसर्व्हर बहुतेक ठिकाणी मालकाच्याच नावाने जोडलेला असतो. सुपरयुजरला तर ते कधीच लागू होत नाहीत. दुसरं, व्ह्यूमधून (साठवून ठेवलेल्या क्वेरीतून) वाचलं की व्ह्यूच्या मालकाचे अधिकार चालतात. पोस्टग्रेस १५ पासून सिक्युरिटी-इन्व्होकर हा पर्याय देऊन वाचणाऱ्याचे अधिकार लावता येतात. मटेरियलाइज्ड व्ह्यू ही आधीच काढलेली नक्कल असल्यामुळे तिला मूळ टेबलाचे ओळींचे नियम लागतच नाहीत. तिसरं, जिओसर्व्हर सगळ्यांसाठी एकाच नावाने डेटाबेसशी बोलतो, त्यामुळे समोर कोण आहे हे डेटाबेसला कळत नाही. स्टोअरच्या सेटिंगमध्ये सेशन स्टार्ट-अप एसक्यूएल लिहायची जागा आहे. तिथे जीएसयूजर हे नाव वापरून लॉगिन केलेल्याचं नाव सेशनमध्ये ठेवा आणि क्लोज-अपमध्ये पुसून टाका. पुसायला विसरलात, तर पूलमधली (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातली) तीच जोडणी पुढच्या माणसाला मागच्याच्या नावाने मिळेल.

नेमके बिंदू लोकांच्या सर्व्हरवर हवेतच कशाला

वरचं सगळं करूनही माझं मत असं की लोकांसाठीच्या जिओसर्व्हरला नेमक्या बिंदूंचं टेबल दिसताच कामा नये. लोकांना "या भागात खवले मांजर आहे" एवढं कळणं पुरेसं असतं. त्यासाठी बिंदू जाळीवर बसवलेलं वेगळं टेबल करा. कोकणासाठी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये नेऊन एसटी-स्नॅप-टू-ग्रिडने ५००० मीटरच्या जाळीवर बसवलं की झालं. आयनॅचरॅलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संवेदनशील जातींचा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी हलवून दाखवतं, आपल्या अक्षांशावर तो चौकोन साधारण २१ ते २२ किलोमीटरचा होतो.

बिंदू यादृच्छिकपणे हलवायचा असेल, तर तो एकदाच हलवून साठवा. प्रत्येक रिक्वेस्टला व्ह्यूमध्ये नव्याने हलवला, तर कुणीतरी तोच बिंदू शेकडो वेळा मागून सरासरी काढेल, आणि सरासरी मूळ बिळावरच येऊन थांबेल. जाळीवर बसवण्यात हा धोका नाही.

मग बाकीचे कॉलम बघा. भूमिती हलवली, पण शेजारच्या दोन कॉलममध्ये मूळ अक्षांश-रेखांश तसेच, असं मी बऱ्याच टेबलांत बघितलंय. शेऱ्यात "वाडीच्या वरच्या पाणवठ्यापासून उजवीकडे" असं लिहिलेलं असतं. फोटोच्या फाइलीत फोनने जीपीएस लिहून ठेवलेलं असतं, आणि फोटोची लिंक कॉलममध्ये असते. गावाचं नाव ठेवलंत आणि गाव जाळीच्या चौकोनाहून लहान असेल, तर जाळीचा उपयोग शून्य.

काही जण विचारतात की २०२१ च्या केंद्राच्या भू-अवकाशीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हे येतं का. त्यातली आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर ही मर्यादा नकाशाच्या अचूकतेची आहे आणि तिचा रोख त्याहून अचूक माहिती परदेशी कंपन्यांकडे कशी जावी यावर आहे. बिळाचा पाच मीटरचा बिंदू त्या मर्यादेत आरामात बसतो. म्हणजे ही काळजी आपली आपल्यालाच घ्यायची आहे.

जिओसर्व्हरची आवृत्तीही बघून घ्या. २०२४ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२४-३६४०१ ही त्रुटी इतकी वाईट होती की लॉगिन न करता सर्व्हरवर हवा तो कोड चालवता यायचा, आणि तिचा प्रत्यक्ष गैरवापरही झाला. २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ मध्ये ती बुजवली. याहून जुन्या आवृत्तीवर असाल, तर वरचे नियम लावण्याआधी अपग्रेड करा, सिक्युरिटी फोल्डरसकट.

शेवटी, लॉगिनशिवायच्या त्या सगळ्या रिक्वेस्ट एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घाला आणि ती रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) चालवा. लेयरची नावं स्क्रिप्टमध्ये हाताने लिहू नका, अॅडमिनच्या लॉगिनने रेस्टवरून (जिओसर्व्हरची स्क्रिप्टसाठीची सेवा) ताजी यादी घ्या, म्हणजे कालच पब्लिश झालेला "बिळं_नवीन"सुद्धा तपासला जाईल. उत्तरात बिंदू किंवा चित्र आलं, तर मेल यावा. आणि गळती झालीच असेल, तर मॉनिटरिंग एक्स्टेन्शनच्या ऑडिट लॉगमधून कोणत्या पत्त्यावरून कोणता लेयर किती वेळा मागितला गेला ते काढा, कोणत्या बिळांचे बिंदू बाहेर गेले त्यांची यादी करा, आणि ती त्याच दिवशी त्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि ज्यांनी त्या नोंदी दिल्या त्या लोकांना द्या, म्हणजे तिथली गस्त लगेच वाढवता येईल.